रटगर्स कॉलेजचा विद्यार्थी : पॉल रोबसन

पॉल रोबसन हे नाव निघाले की आपल्यातील वडीलधाऱ्या मंडळींना एक खोल, खर्जातला, घनगंभीर आवाज आठवतो. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांची गाणी त्यांनी जगभर नेली. आसामचे भूपेन हजारिका न्यूयॉर्कला शिकत असताना त्यांच्या सहवासात आले आणि रोबसन यांच्या मिसिसिपी नदीवरील गाण्याच्या प्रेरणेतून त्यांनी ब्रह्मपुत्रेला साद घालणारे गीत रचले, हेही पुष्कळांना ठाऊक असेल. परंतु आज मला गायक रोबसन यांच्याविषयी फारसे लिहावयाचे नाही. लिहावयाचे आहे ते सतरा वर्षांच्या एका विद्यार्थ्याविषयी. १९१५ ते १९१९ ही चार वर्षे त्याने कॉलेजात कशी काढली, मैदानावर काय सोसले आणि वर्गात काय मिळवले, एवढाच या लेखाचा विषय. मी शाळेत शिकवतो, म्हणून माझी नजर प्रथम तिकडेच जाते.

पॉलचा जन्म ९ एप्रिल १८९८ रोजी अमेरिकेच्या न्यू जर्सी राज्यातील प्रिन्स्टन या गावी झाला. वडील विल्यम ड्र्यू रोबसन हे जन्माने गुलाम. नॉर्थ कॅरोलायना राज्यातील एका मळ्यावर त्यांचे बालपण गेले. १८६० च्या सुमारास, वयाच्या पंधराव्या वर्षी, ते तेथून पळाले आणि उत्तरेकडे आले. यादवी युद्धात उत्तरेच्या सैन्यात त्यांनी मजुरी केली आणि युद्ध संपल्यावर पेनसिल्व्हेनियातील लिंकन विद्यापीठात शिकून धर्मोपदेशक झाले. ज्या माणसाला लहानपणी पाटी धरू दिली नव्हती तो लॅटिन आणि ग्रीक शिकला! आई मारिया लुइझा ही फिलाडेल्फियातील बस्टिल या सुशिक्षित घराण्यातील, पेशाने शिक्षिका. पॉल सहा वर्षांचाही झाला नव्हता तेव्हा, १९०४ च्या जानेवारीत, शेगडीतील निखारा तिच्या कपड्यांवर पडला आणि भाजून तिचा अंत झाला. तिची दृष्टी अगोदरच अधू झाली होती.

त्यापूर्वीच, १९०१ साली, वडिलांची प्रिन्स्टनच्या चर्चमधील जागा गेली होती. वीस वर्षांहून अधिक काळ ज्या व्यासपीठावर उभे राहिले ते सोडावे लागले. मग त्यांनी एक घोडा आणि गाडी घेतली. लोकांच्या घरच्या चुलींतील राख गोळा करून ती वाहून नेण्याचे काम केले. पुढे त्याच गावी विद्यार्थ्यांना गाडीतून फिरवून आणण्याचे काम केले. हे विद्यार्थी प्रिन्स्टन विद्यापीठाचे. त्या विद्यापीठात त्या काळी कृष्णवर्णीय मुलाला प्रवेश नव्हता. म्हणजे ज्या कॉलेजचे दार आपल्या मुलांना बंद होते, त्या कॉलेजच्या मुलांना हा बाप गाडीतून हिंडवीत होता. यावर त्यांनी कधी कडवट शब्द काढल्याचे पॉलला आठवत नव्हते. राख वाहणाऱ्या बापाची मान त्याने कधी खाली झुकलेली पाहिली नाही.

पुढे हे कुटुंब वेस्टफील्डला आणि १९१० साली सॉमरव्हिलला आले. वडिलांना पुन्हा चर्च मिळाले. घरात आता बाप आणि धाकटा मुलगा असे दोघेच जण बहुधा असत. संध्याकाळी वडील त्याच्याकडून व्हर्जिल आणि होमर वाचून घेत, भाषण पाठ करून घेत, प्रत्येक शब्दाचा उच्चार तपासून घेत. मग दोघे सोंगट्यांचा डाव मांडून बसत. निकालपत्रकाविषयी त्यांचा एक शिरस्ता होता. सात विषयांत अव्वल श्रेणी आणि एका विषयात दुय्यम आली, तर ते त्या एकाच विषयाची चौकशी करीत. रागावत नसत; फक्त विचारीत. पालकांपैकी काहींना हे कठोर वाटेल. मलाही प्रथम वाटले. पण पॉलने पुढे लिहून ठेवले आहे की, वडिलांनी त्याला दुसऱ्या मुलाशी कधी ताडून पाहिले नाही. त्याच्याच अंगच्या शक्तीशी ताडून पाहिले. आपल्याकडे शेजारच्या मुलाचे गुण सांगून आपल्या मुलाला खजील करण्याची जी रीत आहे, तिच्यात आणि या रीतीत मोठे अंतर आहे.

सॉमरव्हिलच्या हायस्कुलात कृष्णवर्णीय मुले बोटांवर मोजण्याइतकी होती. मुख्याध्यापकांना या मुलाचे कौतुक नव्हते. तो जितका पुढे जाई तितका त्यांचा आकस वाढे. शिक्षिका मात्र चांगल्या लाभल्या. इंग्रजीच्या ॲना मिलर या बाईंनी त्याला भाषणकलेचे धडे दिले आणि शाळेच्या कार्यक्रमात ऑथेल्लोची भूमिका करावयास लावली. पुढे ज्या ऑथेल्लोने रोबसन यांचे नाव लंडन-न्यूयॉर्कमध्ये दुमदुमले, त्याची पहिली तालीम अशी एका शाळामास्तरणीच्या हाताखाली झाली!

थोरले भाऊ वडिलांच्याच लिंकन विद्यापीठात शिकले होते. पॉलनेही तेथेच जावे अशी वडिलांची इच्छा होती. परंतु पैशाची ओढाताण होती. अशा वेळी रटगर्स कॉलेजची चार वर्षांची शिष्यवृत्ती राज्यभरच्या विद्यार्थ्यांना स्पर्धा परीक्षेने मिळते, असे समजले. समजले ते उशिरा. इतर उमेदवारांनी आदल्या वर्षी परीक्षेचा पहिला भाग दिलेला होता. त्यांना आता फक्त शेवटच्या वर्षाच्या अभ्यासक्रमावर उत्तरे लिहावयाची होती. पॉलला तेवढ्याच वेळात हायस्कूलच्या चारही वर्षांच्या अभ्यासक्रमावर लिहावयाचे होते. तो रात्री जागून तयारीला लागला, परीक्षेला बसला आणि शिष्यवृत्ती मिळवली. आपल्याला इतरांइतकेच येते, हे त्या दिवशी प्रथम मनोमन पटले, असे त्याने नंतर सांगितले आहे.

१९१५ च्या शरद ऋतूत तो न्यू ब्रन्सविक येथे रॅरिटन नदीकाठच्या रटगर्स कॉलेजात दाखल झाला. हे कॉलेज १७६६ सालचे, म्हणजे अमेरिका स्वतंत्र होण्याच्याही आधीचे. पॉल गेला तेव्हा विद्यार्थी पाचशेच्या आसपास, सर्व मुलगे. दीडशे वर्षांच्या इतिहासात तेथे शिकलेला तो केवळ तिसरा कृष्णवर्णीय विद्यार्थी, आणि त्या वर्षी एकटाच. दुसरा एक मुलगा पुढल्या वर्षी आला.

आता मैदानाकडे वळू. अमेरिकन फुटबॉलचे आपल्या फुटबॉलशी नावापुरतेच साम्य आहे. चेंडू लंबगोल, तो हातात घेऊन पळावयाचे आणि समोरच्या अकरा जणांनी त्याला अंगाने अडवावयाचे, पाडावयाचे. त्या काळी डोक्याला चामड्याची पातळ टोपी असे आणि अंगावर जाड लोकर. हात-पाय मोडणे ही नित्याची बाब. दोन कॉलेजांमधील या खेळाचा पहिला सामना मानला जातो तो ६ नोव्हेंबर १८६९ रोजी न्यू ब्रन्सविक येथेच रटगर्स आणि प्रिन्स्टन यांच्यात झाला व रटगर्सने तो ६-४ असा जिंकला. त्यामुळे या कॉलेजात फुटबॉलला जो मान होता तो पुस्तकांनाही नसेल! शनिवारच्या सामन्याला अख्खे कॉलेज लोटे. संघात निवड झालेल्या मुलाला लोकरी स्वेटरवर कॉलेजचे अक्षर लावण्याचा अधिकार मिळे, आणि ते अक्षर छातीवर असलेला मुलगा आवारातून चालला की नवखी मुले वळून पाहत.

पॉल सहा फुटांहून उंच, भक्कम हाडापेराचा. संघाचे प्रशिक्षक जॉर्ज फॉस्टर सॅनफोर्ड हे येल विद्यापीठाचे जुने खेळाडू. त्यांनी त्याला सरावासाठी बोलावले. पहिल्याच दिवशी गोऱ्या खेळाडूंनी त्याला घेरले. हे खेळातले पाडणे नव्हते, तो ठरवून केलेला मार होता. नाकाचे हाड मोडले, खांदा निखळला, अंगभर जखमा झाल्या. दहा दिवस तो अंथरुणाला खिळून होता. कॉलेज सोडावे असे त्याच्या मनात येऊन गेले. घरून भाऊ आला. त्याने आग्रह केला नाही, धमकीही दिली नाही. सोडून द्यायचे असेल तर खुशाल सोड, एवढेच तो म्हणाला. आणि त्या एका वाक्यानेच सोडणे अवघड झाले. वडिलांनी त्याला पूर्वीच बजावले होते की तू मैदानावर किंवा वर्गात एकटा नसतोस. ज्यांना आत यायचे आहे आणि जे बाहेर उभे आहेत, त्या सगळ्या मुलांच्या वतीने तू तेथे आहेस.

पॉल परत गेला. सरावात तो खाली पडला असता एका खेळाडूने मुद्दाम त्याच्या हातावर खिळ्यांचा बूट दिला. हाडे वाचली, पण बोटांची नखे उपटून निघाली. तेव्हा मात्र त्याचा संयम सुटला. पुढच्या डावात समोरून आलेल्या रांगेला त्याने दोन्ही हातांनी बाजूला सारले, चेंडू घेऊन धावणाऱ्या मुलाला पकडले आणि डोक्यावर उचलून धरले. आता तो त्याला आपटणार आणि त्या मुलाचे काही खरे नाही, असे पाहणाऱ्यांना वाटले. तोच सॅनफोर्ड ओरडले की रोबसनची संघात निवड झाली आहे. पॉलने त्या मुलाला खाली ठेवले. ही हकीकत त्याने मोठेपणी स्वतः सांगितलेली आहे. हा प्रसंग शौर्याचा म्हणून अनेक जण रंगवून सांगतात. मला त्यात शौर्यापेक्षा दुसरेच काही दिसते. निवडीला पात्र ठरण्यासाठी इतर मुलांना चेंडू पकडता येणे पुरेसे होते. या मुलाला आधी नखे द्यावी लागली.

दुसरे वर्ष १९१६. कॉलेजला दीडशे वर्षे झाली म्हणून मोठा समारंभ होता. १४ ऑक्टोबर रोजी व्हर्जिनियातील वॉशिंग्टन अँड ली या कॉलेजचा संघ सामन्याला आला. हे दक्षिणेकडील कॉलेज. कृष्णवर्णीय खेळाडू मैदानात असेल तर आम्ही उतरणार नाही, असे त्यांनी कळवले. रटगर्सने ते मान्य केले आणि पॉल बाहेर बसला. सामना १३-१३ असा बरोबरीत सुटला. पुढे वेस्ट व्हर्जिनियाच्या संघाने तशीच मागणी केली तेव्हा सॅनफोर्ड यांनी ती साफ नाकारली आणि पॉल खेळला. परंतु पहिल्या वेळी जे झाले ते झालेच.

त्या दिवशी पॉल गप्प बसला. अठरा वर्षांचे पोर, शिष्यवृत्तीवर शिकणारे, त्याने दुसरे काय करावे? प्रश्न त्याचा नव्हताच, प्रश्न कॉलेजच्या कारभाऱ्यांचा होता. हे कोणाला तरी खुपले, ही त्यातल्या त्यात समाधानाची गोष्ट. जेम्स कार हे रटगर्सचे पहिले कृष्णवर्णीय पदवीधर, १८९२ सालचे. न्यूयॉर्कमध्ये नामांकित वकील. या अपमानाची हकीकत कानी आल्यावर त्यांनी १९१९ च्या जूनमध्ये कॉलेजचे अध्यक्ष डेमरेस्ट यांना पत्र लिहून निषेध नोंदवला. आपल्या मातृसंस्थेने परक्यांच्या पूर्वग्रहापुढे मान तुकवावी आणि तीही आपल्याच गुणी विद्यार्थ्याच्या डोक्यावर पाय देऊन, याचे त्यांना दुःख झाले होते. माजी विद्यार्थ्यांची आठवण संस्थांना बहुधा देणगीच्या वेळी येते. माजी विद्यार्थ्याचे खरे काम काय, ते या पत्रात पाहावे.

१९१७ साल फुटबॉलच्या दृष्टीने सर्वांत भाग्याचे. अमेरिका महायुद्धात उतरली होती आणि निरनिराळ्या विद्यापीठांचे नामवंत खेळाडू नौदलाच्या छावण्यांत एकत्र आले होते. न्यूपोर्टच्या नौदल तळाचा असाच एक संघ होता. त्यात एकेकाळी देशाच्या निवडक संघात झळकलेले खेळाडू होते. लहानशा रटगर्सची त्यांच्यापुढे डाळ शिजणार नाही असेच सर्वांनी गृहीत धरले. २४ नोव्हेंबर रोजी ब्रुकलिनच्या एबेट्स फील्डवर सामना झाला. रटगर्सने १४-० असा विजय मिळवला आणि दुसऱ्या दिवशी न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रांचे रकाने रोबसनच्या नावाने भरून गेले. तो ‘एन्ड’ या जागी, म्हणजे रांगेच्या टोकाला खेळत असे. बचावात तो मागे राहून सारे मैदान नजरेखाली ठेवी. या खेळाचे पितामह समजले जाणारे वॉल्टर कॅम्प यांनी १९१८ च्या अखिल अमेरिकन संघात त्याची निवड केली.

केवळ फुटबॉलच नव्हे, बास्केटबॉल, बेसबॉल आणि मैदानी खेळ अशा चारही प्रकारांत तो कॉलेजकडून खेळला. बेसबॉलमध्ये तो यष्टिरक्षकासारख्या ‘कॅचर’च्या जागी असे. १९१९ च्या जूनमध्ये रटगर्सच्या गणवेशातील आपल्या अखेरच्या सामन्यात त्याच्या संघाने प्रिन्स्टनला हरवले. ज्या गावाने त्याच्या वडिलांना राख वाहावयास लावली, त्या गावचे हे विद्यापीठ. त्याला काय वाटले असेल ते निराळे सांगावयास नको.

आता पालकांच्या मनातील प्रश्न. एवढे खेळ खेळणारा मुलगा अभ्यास केव्हा करीत होता? उत्तर असे की तो दोन्ही करीत होता. तिसऱ्या वर्षीच त्याची ‘फाय बीटा कप्पा’ या मानाच्या विद्वत्मंडळात निवड झाली. अमेरिकेत अभ्यासातील निवडक विद्यार्थ्यांनाच हा मान मिळतो. वक्तृत्व स्पर्धेत चारही वर्षे पहिले बक्षीस त्याने सोडले नाही. वादविवाद मंडळात तो होता. शेवटच्या वर्षातील चारच विद्यार्थी ज्या मंडळात त्या काळी घेत असत त्या ‘कॅप अँड स्कल’मध्ये त्याला घेतले. सुट्टीत मात्र तो ऱ्होड आयलंडमधील नॅरागान्सेट पिअर या समुद्रकाठच्या गावी धनिकांच्या हॉटेलात राबत असे. शाळेत असताना तर तो तेथल्या मुदपाकखान्यात बटाटे सोलणे, भांडी घासणे ही कामे करी. कॉलेजच्या वीराचे हे दुसरे रूप टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी किती जणांनी पाहिले असेल?

सन्मानाच्या या यादीत एक मोठी पोकळी आहे. त्याचा आवाज कॉलेजात सर्वांना ठाऊक होता. पण गायकवृंद गावोगाव कार्यक्रमांना जाई तेव्हा पॉल त्यांच्याबरोबर नसे, कारण कार्यक्रमानंतर मेजवानी आणि नृत्य असे. शनिवारी मैदानावर ज्याच्या नावाचा जयघोष होई त्याने संध्याकाळच्या समारंभाला येऊ नये, हे न सांगता ठरलेले होते. आणि पॉल जात नसे. आपण कोठपर्यंत गेलो तर चालते आणि कोठे गेलो की डोळ्यांवर येतो, याचा हिशेब त्याला रोज करावा लागे. विसाव्या शतकातील थोर गायकांपैकी एकाला त्याच्या कॉलेजच्या गायकवृंदाने बाहेरगावी नेले नाही, हे वाचून आज हसावे की रडावे कळत नाही.

१७ मे १९१८ रोजी वडील वारले. आजारी असताना त्यांनी पॉलकडून वचन घेतले होते की, काहीही झाले तरी वक्तृत्व स्पर्धा चुकवायची नाही. अवघ्या काही दिवसांत स्पर्धा होती. तो उभा राहिला. महायुद्धात लढणाऱ्या कृष्णवर्णीयांची देशनिष्ठा हा त्याचा विषय होता. पहिले बक्षीस त्यालाच मिळाले. ज्यांनी प्रत्येक शब्दाचा उच्चार घासूनपुसून दिला ते श्रोत्यांत नव्हते.

१९१९ मध्ये पदवीसाठी त्याने जो प्रबंध लिहिला त्याचा विषय अमेरिकन राज्यघटनेची चौदावी दुरुस्ती हा होता. गुलामगिरी संपल्यावर, १८६८ मध्ये, सर्व नागरिकांना कायद्याचे समान संरक्षण देणारी ही दुरुस्ती झाली. पण व्यवहारात ती कागदावरच राहिली. पॉलने तिला घटनेतील निद्रिस्त महाकाय अशी उपमा दिली. हा महाकाय जागा झाला तर काय होईल याची चर्चा एकवीस वर्षांच्या मुलाने केली. १९५४ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने काळ्या-गोऱ्या मुलांच्या वेगवेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरवल्या त्या याच दुरुस्तीच्या आधारे. माझ्या मते त्याच्या सर्व ढाली-पदकांपेक्षा ही गोष्ट मोठी आहे.

जूनमधील पदवीदान समारंभात पदवीधरांच्या वतीने भाषण त्यानेच केले. वर्गमित्रांनी भविष्य वर्तवले की १९४० पर्यंत हा न्यू जर्सीचा राज्यपाल होईल. त्याच उन्हाळ्यात वॉशिंग्टन आणि शिकागो येथे कृष्णवर्णीयांविरुद्ध भीषण दंगली उसळल्या.

पुढची हकीकत थोडक्यात सांगतो. रोबसन यांनी कोलंबिया विद्यापीठात कायद्याचा अभ्यास केला, खर्च भागविण्यासाठी व्यावसायिक फुटबॉल खेळले आणि १९२३ साली पदवी घेतली. वकिली कचेरीत गोऱ्या लघुलेखिकेने त्यांचा मजकूर उतरवून घेण्याचे नाकारले. त्यांनी वकिली सोडली. पत्नी एस्लांडा या रसायनशास्त्र शिकलेल्या, न्यूयॉर्कच्या एका मोठ्या इस्पितळात काम करणाऱ्या बाई; नाट्यक्षेत्राकडे वळण्यास त्यांनीच त्यांना उत्तेजन दिले. रंगभूमी, गायन, चित्रपट यांत कीर्ती झाली. १९४३ साली न्यूयॉर्कमध्ये त्यांचा ऑथेल्लो २९६ प्रयोग चालला. लंडनमध्ये असताना पंडित नेहरूंशी स्नेह जुळला. पुढे त्यांच्या राजकीय मतांमुळे अमेरिकन सरकारने १९५० मध्ये पासपोर्ट काढून घेतला. आठ वर्षे त्यांना परदेशी जाता आले नाही. सभागृहे त्यांना बंद झाली. त्या वर्षांत फुटबॉलच्या एका जाडजूड नोंदपुस्तकात १९१८ च्या अखिल अमेरिकन संघात अकराऐवजी दहाच नावे छापली गेली. अकरावे नाव कोणाचे, ते वाचकांना कळलेच असेल.

१९५८ च्या एप्रिलमध्ये त्यांना साठ वर्षे पूर्ण झाली. स्वदेशात ते एकाकी पडलेले असताना आपल्या देशात मात्र त्यांचा वाढदिवस साजरा झाला. पंडितजींनी त्याला जाहीर पाठिंबा दिला आणि त्यासाठी नेमलेल्या समितीचे अध्यक्षपद मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती महंमदअली करीम छागला यांनी स्वीकारले. हा सोहळा होऊ नये अशी अमेरिकन अधिकाऱ्यांची खटपट होती, पण तो झाला. त्याच वर्षी अमेरिकन सर्वोच्च न्यायालयाच्या एका निकालाने रोबसन यांना पासपोर्ट परत मिळाला.

२३ जानेवारी १९७६ रोजी फिलाडेल्फिया येथे त्यांचे निधन झाले. कॉलेज फुटबॉलच्या सन्मान-दालनात त्यांचे नाव घेण्यात आले ते १९९५ साली, म्हणजे मृत्यूनंतर एकोणीस वर्षांनी. आणि २०१९ च्या एप्रिलमध्ये, त्यांच्या पदवीला शंभर वर्षे झाली तेव्हा, न्यू ब्रन्सविकच्या जुन्या आवारात त्यांच्या नावाचा चौक उभा राहिला. काळ्या दगडाच्या फलकांवर त्यांचे चरित्र कोरलेले आहे. त्यासाठी पुढाकार घेतला तो रटगर्सच्या १९७१ च्या तुकडीतील माजी विद्यार्थ्यांनी.